एप्रिलमध्ये हिमालयात जायचंय? आधी गाव ठरवा, शिखर नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचे पाच जण, एप्रिलचा दुसरा आठवडा, घरून निघून घरी परत येईपर्यंत अकरा दिवस. पाचातल्या दोघांनी पचमढीचे चौरागड आणि नागद्वार यापलीकडे काही चढलेलं नाही. सोबत एक काका आहेत, वय बावन्न, बीपीची गोळी चालू. उत्तराखंडातले केदारकंठा आणि हर की दून, दार्जिलिंगकडचं संदकफू आणि सिक्कीममधलं गोएचा ला अशी ट्रेकची चार नावं काढून ठेवली आहेत आणि विचारलंय, "एप्रिलमध्ये हवेचा भरवसा नसतो म्हणतात, मग यातलं सगळ्यात सुरक्षित कोणतं?"

गोएचा ला आजच खोडून टाका. उरलेल्या तिघांतलं एकही अजून पक्कं करू नका. पक्कं करायचं ते पायथ्याचं गाव. त्या गावातून कोणत्या वाटेने वर जायचं, हे तिथे पोचून, वरचं बर्फ विचारून ठरवायचं. बावीस वर्षं मी नागपुरातून लोकांना हिमालयात नेतोय आणि त्यातली पहिली सात-आठ वर्षं बरोबर उलटं करत होतो. आधी शिखराचं नाव, मग रेल्वेचं तिकीट आणि सगळ्यात शेवटी हवामान. त्यातून एकदा काय झालं ते पुढे सांगतो.

एप्रिलची हवा लहरी का असते, हे विदर्भातल्या माणसाला समजायला जड जाऊ नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटोल-नरखेडकडे गारपीट होते, संत्र्याच्या आंबिया बहाराचा झाडाखाली सडा पडतो आणि टीव्हीवर 'पश्चिमी विक्षोभ' हा शब्द ऐकू येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण-अफगाणिस्तानवरून पुढे सरकणाऱ्या या हवेच्या लाटा. खाली आपल्याकडे त्यांची बंगालच्या उपसागरावरून आलेल्या बाष्पाशी गाठ पडली की गारा पडतात. वर त्या डोंगराला अडल्या की बर्फ. डिसेंबर ते मार्च त्यांचा मुख्य हंगाम. एप्रिलमध्ये जोर ओसरतो, पण येणं बंद होत नाही. म्हणून एप्रिलचं 'सरासरी तापमान' बघून काही हाती लागत नाही. चार दिवस लख्ख ऊन आणि पाचव्या रात्री तंबूवर फूटभर बर्फ, हे दोन्ही एकाच आठवड्यात घडतं. त्यातली मोठी लाट तीन-चार दिवस आधी अंदाजात दिसते. दुपारी एक-दीडला डोंगराच्या धारेवर अचानक जमणारे ढग, गारा आणि विजा मात्र आदल्या रात्रीपर्यंतही नेमक्या कळत नाहीत. त्यावर उपाय एकच, बारा वाजायच्या आत उंचावरून खाली यायचं.

थंडी संपली म्हणजे धोका संपला, हा समज फार महागात पडतो. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर, म्हणजे जिथे गाड्या जातात तिथे, हिमस्खलनात सात पर्यटक गेले. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीतल्या सहस्रतालाच्या वाटेवर बावीस जणांचा गट बर्फाच्या वादळात सापडला, नऊ ट्रेकर दगावले. जूनमध्ये! आपण इकडे मृगाकडे डोळे लावून बसलेलो असतो तेव्हा.

आता खुद्द बर्फाबद्दल, कारण नागपूरकरांची खरी फसगत तिथेच होते. फोटोत बर्फ एकसारखं पांढरं दिसतं. पायाखाली ते दर तीन तासांनी वेगळं असतं. पहाटे पाचला ते रात्रभर गोठून दगड झालेलं असतं. टाच आपटली तरी खूण उमटत नाही, अशा वेळी बुटाला मायक्रोस्पाइक (बुटावर चढवायचे दातेरी काटे) नसतील तर सरळ घसरगुंडी. आठच्या सुमारास वरचा बोटभर थर सुटतो, बूट थोडासा रुततो आणि धरतो. चालायला याच्याइतकं चांगलं बर्फ नाही. दहा-अकरानंतर ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखं होतं, दाणेदार, ओलं, पायाखालून सरकणारं. बारानंतर पाय गुडघ्यापर्यंत आत. प्रत्येक पाऊल उपसून काढायचं, पुढे टाकायचं, पुन्हा उपसायचं. सकाळी अर्ध्या तासात होणारा तुकडा दुपारी दोन तास खातो. याच वेळी उन्हाने भिजलेले उतार सुटायला लागतात. बर्फ सुटून येण्याचा धोका साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सगळ्यात जास्त, आणि नवं बर्फ पडल्यानंतरचे पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट. लोकांना वाटतं आकाश निवळलं की झालं. उलट, रात्रभर बर्फ पडून सकाळी कडक ऊन निघालं, की मी गटाला तंबूत पत्ते खेळायला बसवतो.

एकाच डोंगराच्या दोन बाजूही वेगळ्या. दक्षिणेकडची बाजू एप्रिलमध्ये निम्मी उघडी, गवत दिसणारी. उत्तरेकडे झाडाच्या सावलीत मांडीभर बर्फ तसंच. म्हणजे 'वाट मोकळी आहे' असं कोणी सांगितलं तर 'कुठल्या बाजूची?' हे विचारायला हवं. मोठे दगड आणि झाडाचे बुंधे उन्हाने तापतात, त्यांच्याभोवती बर्फाखाली पोकळी तयार होते आणि वरून काही दिसत नाही. ओढ्यांवर बर्फाचे पूल असतात, त्यांच्या पोटाखालून पाणी खात असतं. सकाळी ओलांडलेला ओढा संध्याकाळी वितळलेल्या पाण्याने दुप्पट फुगलेला असतो, म्हणून ओढा पार करण्याचं काम सकाळचंच.

आता माझी चूक. त्या एप्रिलमध्ये आम्ही नऊ जण होतो. पायथ्याच्या गावात एक अख्खा दिवस पावसाने खाल्ला. दिल्लीहून परतीचं तिकीट पक्कं होतं, मधे मोकळा दिवस एकही नव्हता, म्हणून मी दोन मुक्कामांचा एक केला. सकाळी ओले तंबू आवरण्यात साडेआठ वाजले. साडेआठला निघायचं नाही हे तेव्हाही मला माहीत होतं, वाटाड्याही दोनदा म्हणाला, "साहब, आज नहीं." तरी निघालो. साडेअकराला आमच्यातला एक जण एका खडकाला वळसा घालताना मांडीपर्यंत आत गेला, पाय खाली दोन दगडांमध्ये अडकला आणि शरीर पुढे गेलं. गुडघ्याचा आवाज मला सहा फुटांवर ऐकू आला. हाताने बर्फ उपसून पाय मोकळा करायला पाऊण तास लागला, त्याला खाली गावात आणेपर्यंत रात्रीचे नऊ. आज तो व्यवस्थित चालतो, पण जिना उतरताना कठड्याला हात लावतो. दोष बर्फाचा नव्हता. खिशातल्या तिकिटाने मला पुढे ढकललं होतं.

म्हणून तुमचे अकरा दिवस मी असे मोजतो. नागपूरहून संध्याकाळची गाडी, दुसऱ्या दिवशी दिल्ली आणि रात्रीपर्यंत देहरादून, तिसऱ्या दिवशी पायथ्याचं गाव. परत येताना तेवढेच तीन. उरले पाच. त्यातला एक हवेच्या नावाने बाजूला काढायचा, त्याला हात लावायचा नाही. म्हणजे प्रत्यक्ष चालायला चार दिवस. सहा दिवसांचा ट्रेक पाचात 'बसवून' देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. जाताना दिल्लीपर्यंत विमान केलंत तर आणखी एक दिवस सुटतो आणि माझ्या मते एप्रिलमध्ये त्या पैशाचा याहून चांगला उपयोग नाही. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा परतीचं तिकीट दिल्लीत एक रात्र मोकळी ठेवूनच काढा.

आता ती चार नावं. गोएचा ला का नको? पहिलं कारण दिवसांचं. युक्सोमहून जाऊन-येऊन आठ-नऊ दिवस चालणं आहे, तुमच्या हिशेबात ते बसतच नाही. दुसरं कारण उंचीचं. त्शोकाचा मुक्काम ३,००० मीटरच्या आसपास आणि पुढचा झोंगरी ४,००० च्या आसपास, म्हणजे झोपण्याची उंची एका दिवसात हजार मीटरने चढते. ३,००० मीटरच्या वर ती रात्रीमागे पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा साधा नियम आहे. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. पहिल्याच खेपेला तिथे जाण्यात काही शहाणपण नाही.

संदकफू (३,६३६ मीटर) हा वेगळा प्रकार आहे. मानेभंज्यांगहून निघून सिंगालिला धारेने चालायचं, प्रत्येक मुक्कामाला पक्कं छप्पर आणि गरम जेवण, आणि वरपर्यंत जीपचा रस्ता. कोणाची तब्येत बिघडली तर गाडीत घालून खाली आणता येतं. काकांचा विचार करता या एका गोष्टीसाठी मी त्याला जास्त गुण देतो. एप्रिलमध्ये गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि मॅग्नोलिया फुललेले असतात, तो वेगळाच थाट. पण कांचनजंगा आणि एव्हरेस्ट एकत्र दिसणारं ते प्रसिद्ध दृश्य बघायलाच जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा. एप्रिलमध्ये सकाळचे दोन तास मिळाले तर नशीब, नाहीतर धुकं आणि दुपारी गारा. तिथली वाट उघड्या धारेवरून जाते, तेव्हा गडगडाट ऐकू आला की फोटो बंद आणि जवळच्या घरात शिरायचं. नागपूरहून हावडा आणि तिथून पुढे न्यू जलपायगुडी असा प्रवास आहे. बर्फात चालायची हौस नसेल, हिमालय पहिल्यांदाच बघायचा असेल, तर हे उत्तर वाईट नाही.

पण तुमच्या प्रश्नाचा सूर मला बर्फाकडे झुकलेला वाटतो. तसं असेल तर गाव सांकरी. देहरादूनहून मसुरी, पुरोला, मोरी, नैटवाड करत सुमारे दोनशे किलोमीटर, डोंगरातला अख्खा दिवस. उंची १,९०० मीटरच्या थोडी वर. एका गावातून दोन पूर्ण वेगळ्या वाटा निघतात, म्हणून मी ते निवडतो. एक वाट जंगलातून जुडा का तालाब करत केदारकंठ्याच्या ३,८०० मीटर उंच माथ्यावर चढते. दुसरी 'तालुका' याच नावाच्या गावाहून नदीच्या काठाने गंगाड, ओसला अशा लाकडी घरांच्या गावांतून हर की दूनकडे जाते. पहिली चार दिवसांत होते. तिचा शेवटचा चढ पहाटे अंधारात, बर्फ कडक असताना चढायचा आणि ऊन तापायच्या आत उतरायचं. दुसरी पूर्ण करायला सहा दिवस हवेत, तेवढे तुमच्याकडे नाहीत. पण तिची गंमत अशी की ती कुठेही अर्धी सोडता येते आणि अर्धी सोडल्याचं दुःख होत नाही. ओसल्यापर्यंत जाऊन, गावात दोन रात्री राहून, एक दिवस पुढे बर्फ लागेल तिथवर चालून परत आलात तरी स्वर्गारोहिणीच्या बाजूचं खोरं पाहिल्याचं समाधान असतं. दोन्ही वाटा गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानात येतात, तेव्हा वनखात्याचा परवाना लागतो. तो दोन्ही वाटांसाठी चालेल असा काढून ठेवायला स्थानिक वाटाड्याला आधीच सांगा. वर ठरवून बदल करायचा आणि कागद एकाच वाटेचा, अशी अडचण मी पाहिली आहे.

सांकरीची खोली मिळाली नाही तर उत्तरकाशीचं दयारा बुग्याळ (बुग्याळ म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण) डोक्यात ठेवा. उतार सौम्य, बार्सू आणि रैथल ही गावं जवळ, नवशिक्यांना बर्फाची ओळख करून द्यायला मला याहून चांगली जागा माहीत नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानंतर बुग्याळावर रात्रीचा मुक्काम करता येत नाही. कोणी 'थेट कुरणात तंबू' असं दाखवत असेल तर तो माणूस बाकीचे नियमही असेच पाळत असणार.

अंदाज कुठे बघायचा? मोबाइलमधलं अॅप बहुतेक वेळा खोऱ्यातल्या गावाचं तापमान दाखवतं. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश वजा करा. सांकरीत रात्री पाच अंश असेल तर केदारकंठ्याच्या माथ्यावर उणे सात, वर वारा वेगळा. त्याहून कामाचं म्हणजे हवामान खात्याच्या देहरादून केंद्राचं रोजचं जिल्हावार पत्रक. त्यात 'अमुक मीटरपेक्षा उंच भागात बर्फवृष्टी' असं लिहिलेलं असतं, तो आकडा बघा. ३,५०० असेल तर तुमचा तंबू बहुधा पावसात. तोच २,५०० वर आला तर तंबू बर्फात, आणि तालुक्याची जीपसुद्धा कदाचित बंद. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था बर्फाच्या मोसमात हिमस्खलनाचे इशारे देते, तेही निघायच्या आधी तीन दिवस रोज बघायची सवय लावा.

ट्रेक नेणाऱ्यांकडे चौकशी करताना जेवणात काय असतं हे सगळे विचारतात. तुम्ही विचारा, "गेल्या आठवड्यात वर कोण गेलं होतं, आणि त्याच्याशी माझं बोलणं करून द्याल का?" मग विचारा, गेल्या एप्रिलमध्ये किती गट माथ्यावर न जाता परत आले. 'एकही नाही' हे उत्तर अभिमानाने आलं तर फोन ठेवा. एप्रिलमध्ये ज्याचा एकही गट परत फिरत नाही, त्याला परत फिरणं जमत नाही.

काकांचं. डॉक्टरकडे नुसतं 'फिट' असं लिहून घ्यायला नका जाऊ, गोळ्यांचा कागद दाखवा आणि ३,८०० मीटरचा आकडा सांगा. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी वाढत नाही, चढताना दम लवकर लागतो. काही गोळ्या पाणी बाहेर काढतात. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी घ्यायची असेल तर सल्फाची अॅलर्जी आहे का, हे आधी बघावं लागतं. ते ठरवणं डॉक्टरांचं काम, माझं नाही. वर गेल्यावर डोकं दुखून मळमळत असेल तर त्या दिवशी पुढे चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला, दारू प्यायल्यासारखा तोल जायला लागला, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरवायचं. काकांनी सगळ्यात पुढे, वाटाड्याच्या मागोमाग चालावं. गटाचा वेग आपोआप बरोबर राहतो.

तयारीची एक अडचण खास आपली. एप्रिलमध्ये नागपूर चाळिशी ओलांडतं, घरोघरी कूलरला नवी खस बसवणं चालू असतं आणि सराव करायला सकाळचा दीड तास मिळतो. तो मार्चमध्येच उरकून घ्या. सेमिनरी हिल्सवर पळून दम वाढतो, पण गुडघे तयार होत नाहीत. त्यासाठी पाठीवर आठ किलो, म्हणजे पाण्याच्या आठ बाटल्या, घालून इमारतीचा जिना. चढताना नाही, उतरताना मांड्या थरथरल्या पाहिजेत. रविवारी रामटेकच्या पायऱ्या तशाच ओझ्यासह दोन-तीनदा. निघायच्या आदल्या दोन दिवसांत पाणी भरपूर प्या. नागपूरच्या उन्हातून सुकलेलं शरीर उंचीवर लवकर कुरकुरतं. (आणि निघायच्या रात्री सावजी खाऊन गाडीत बसू नका, हा सल्ला माझ्या बायकोचा, अनुभव माझा.)

सामानात दोनच गोष्टींचा हट्ट धरा. एक, अतिनील किरण अडवणारा बाजूने बंद गॉगल, प्रत्येकाला. बर्फावरून उलटून येणारं ऊन एका दुपारात डोळे सुजवतं, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी चालता येत नाही. दोन, हातमोज्यांचे दोन जोड. पहिला जोड पहिल्याच तासाला भिजतो. मात्र हे हिवाळ्यातच घेऊन ठेवा. तिबेटी बाजार उठल्यावर मार्चमध्ये सीताबर्डीच्या बाजारात लोकरीचे मोजे विचारले तर दुकानदार आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. मायक्रोस्पाइक आणि गेटर (बुटात बर्फ शिरू न देणारं पोटरीवरचं आवरण) सांकरीत भाड्याने मिळतात, तिथेच बुटावर चढवून बघा.

सांकरीत पोचलात की संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसा आणि त्या दिवशी वरून उतरलेला खेचरवाला शोधा. त्याला हवामान विचारू नका, बर्फ खेचराच्या कुठवर लागलं ते विचारा. खुरापर्यंत म्हणाला तर दुसऱ्या सकाळी केदारकंठा. गुडघ्यापर्यंत म्हणाला तर तो मोकळा ठेवलेला दिवस आधी गावातच घालवा आणि तिसऱ्या सकाळी पुन्हा विचारा. आणि अर्ध्या वाटेवरून खेचर मागे आणावं लागलं असं सांगितलं, तर तालुक्याची जीप ठरवून ओसल्याकडे निघा.